पावागडाहून अक्राणीला : एका आडनावाचा प्रवास

नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव (अक्राणी) तालुक्यातल्या एखाद्या शाळेचं हजेरीपत्रक उघडलं की आडनावाच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसतो. पावरा, पावरा, वळवी, पावरा, पाडवी, पावरा, वसावे, पावरा. पुण्या-साताऱ्याकडून बदली होऊन आलेल्या शिक्षकाला पहिल्या दिवशी वाटतं, अर्धा वर्ग एकमेकांची भावंडं असणार. आडनाव एक म्हणजे भावकी एक, हा त्याच्या गावाकडचा हिशेब. सातपुड्यात हा हिशेब लागू पडत नाही. त्या वर्गातल्या दोन पावरा मुलांची घराणी पूर्ण वेगळी असू शकतात, आणि त्यांच्या घरांत सोयरीकही होऊ शकते. इथं ‘पावरा’ हे आडनाव एका घराण्याचं नाही, एका सबंध लोकसमूहाचं आहे. त्या समूहाच्या पोटात अनेक कुळं आहेत आणि त्याच्या स्मरणात एक लांबचा डोंगर आहे : गुजरातमधला पावागड.

हा समूह पावागडाच्या मुलुखातून सातपुड्यात कसा आला आणि त्याचं नाव सरकारी कागदावर आडनाव होऊन कसं बसलं, हे या प्रकरणात पाहू. त्यासाठी आधी नंदुरबार जिल्ह्यातल्या आडनावांचा मेळा ओळखून घ्यायला हवा.

वाटेवरचा मुलूख

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. उत्तरेला नर्मदा, मधोमध तापी, दोघींच्या दरम्यान सातपुडा. पश्चिमेला गुजरात, उत्तरेला नर्मदेपलीकडे गुजरात आणि मध्य प्रदेश. सुरत बंदरातून बऱ्हाणपूरकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता याच तापीच्या खोऱ्यातून जायचा आणि नंदुरबार हा त्यावरचा महत्त्वाचा मुक्काम होता. असा वाटेवरचा मुलूख असला की माणसं येतात, काही पुढं जातात, काही राहतात. राहणाऱ्यांची आडनावं गावात मुरतात.

नंदुरबार शहराने हा इतिहास आपल्या हुतात्म्यांच्या नावांतच जपला आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच कोवळी पोरं धारातीर्थी पडली : शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, घनश्याम शहा आणि शशिधर केतकर. मेहता आणि शहा ही आडनावं गुजरातच्या हिशेबनीस-सावकार-व्यापारी परंपरेतली, वाणी हे तर धंद्याचंच नाव, आणि केतकर थेट कोकणातलं. या घराण्यांचे पूर्वज वेगवेगळ्या दिशांनी इथं आले होते. त्यांची लेकरं मात्र एकाच दिवशी एकाच गावासाठी गेली. स्थलांतर करून आलेलं कुटुंब ‘इथलं’ केव्हा होतं, या प्रश्नाला याहून मोठं उत्तर कुठल्या वंशावळीत सापडणार नाही.

शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात गुजर समाजाची वस्ती आहे. त्यांच्यातल्या एका शाखेचं नाव रेवे गुजर, आणि रेवा म्हणजे नर्मदा. पण या समाजातल्या कित्येक घरांचं आडनाव पाटील किंवा चौधरी. ही वतनाची आणि मानाची पदं. म्हणजे उगमाची खूण पोटजातीच्या नावात राहिली आणि आडनावात गावातला अधिकार आला. गिरासे या राजपूत आडनावाचंही तसंच : ‘गिरास’ नावाचा हक्क वसूल करणारा तो गिरासिया. एकूण पाहता आडनाव कधी गाव सांगतं, कधी धंदा, कधी हुद्दा. पावरा यांपैकी काहीच सांगत नाही. ते एका प्रवासाची आठवण सांगतं.

गड पडला ते साल

पावागड आजच्या गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यात आहे. सपाट मैदानातून एकदम वर उठलेला सुमारे ८०० मीटर उंचीचा डोंगर, माथ्यावर कालिकामातेचं मंदिर, पायथ्याला चांपानेर. पंधराव्या शतकात इथं खीची चौहान राजपुतांचं राज्य होतं. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने गडाला वेढा घातला. तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १४८४ साली गड पडला. शेवटचा राजा जयसिंह, लोककथांमधला ‘पताई रावळ’, मारला गेला. सुलतानाने चांपानेरची नव्याने उभारणी करून तिथं आपली राजधानी नेली. त्या नगरीचे अवशेष आणि गड मिळून २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. राजघराण्यातले वाचलेले लोक पूर्वेच्या डोंगराळ, जंगलाच्या मुलखात सरकले. छोटा उदेपूर आणि देवगड बारिया ही पुढची संस्थानं त्याच खीची चौहानांच्या वंशजांची.

पावरा समाजाची परंपरागत हकीकत इथूनच सुरू होते. आपण पावागडच्या परिसरात राहणारे, सुलतानाच्या स्वारीनंतर तिथून निघालो, डोंगर धरून दक्षिण-पूर्वेला येत येत नर्मदा ओलांडली आणि अक्राणीच्या पहाडात वस्ती केली, असं जुनीजाणती माणसं सांगत आली. पावागडावरून आले ते पावरा. एकोणिसाव्या शतकात खानदेशचं गॅझेटियर तयार झालं, तेव्हा त्यातही ही हकीकत नोंदली गेली. त्यात मूळ राजपूत असल्याचा दावाही होता.

आठवणीची पारख

अशी हकीकत ऐकली की दोन घाई होतात. एक म्हणजे ती जशीच्या तशी इतिहास म्हणून स्वीकारणं. दुसरी म्हणजे ‘सगळेच आपल्याला राजपूत म्हणवतात’ म्हणून ती झटकून टाकणं. खरं काम या दोहोंच्या मधे आहे : हकीकतीचे तुकडे वेगळे करायचे आणि एकेक तुकडा दुसऱ्या पुराव्याला लावून पाहायचा.

राजपूत वंशाच्या दाव्यापासून सुरुवात करू. मध्य आणि पश्चिम भारतातल्या अनेक आदिवासी समूहांच्या परंपरेत असा दावा आढळतो. पावरा आणि त्यांचेच मध्य प्रदेशातले भाईबंद बारेला यांच्या कुळांमध्ये चौहान, सोळंकी अशी नावंही आहेत. पण नाव सारखं म्हणजे रक्त सारखं, हे सिद्ध होत नाही. संस्थानी काळात राजपूत ठाकुरांच्या सत्तेत राहणाऱ्या समूहांनी मानाची कुळनावं उचलली, असंही घडलेलं आहे. शिवाय आज स्वतःची आदिवासी ओळख अभिमानाने सांगणाऱ्या पिढीला त्या दाव्याची गरजही उरलेली नाही.

दुसरा तुकडा दिशेचा. तो जास्त भक्कम आहे. नकाशावर पावागड आणि धडगाव यांच्यात सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरचं अंतर आहे. मधला पट्टा पाहा : छोटा उदेपूर, मग अलीराजपूर, मथवाडचे डोंगर, मग नर्मदा, आणि पलीकडच्या काठावर अक्राणी. या पट्ट्यात आणि त्याला लागून आज कोण राहतं? छोटा उदेपूरकडे राठवा, अलीराजपूरकडे भिलाला आणि राठवा, बडवानी-खरगोनकडे बारेला, धडगावात पावरा. यांच्या बोली एकमेकींना लागून आहेत. जॉर्ज ग्रियर्सनने आपल्या भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (१९०७) भिल्ल भाषांचा जो भाग केला, त्यात या बोली एका कुटुंबात बसवल्या आणि त्यांचं नातं गुजराती-राजस्थानीशी जोडलं. महाराष्ट्राच्या हद्दीत राहूनही पावरी बोली मराठीपेक्षा तिकडे झुकते.

देवांचंही तेच. पावसाची देवी म्हणून राणी काजल नर्मदेच्या दोन्ही अंगांना पूजली जाते. नवस फेडायला घातला जाणारा इंदलचा मोठा उत्सव पावऱ्यांत आहे आणि त्याचीच बहीण म्हणावी अशी पूजा राठव्यांतही आहे. इंदलला दूरदूरचे सगेसोयरे बोलावले जातात, रात्रभर ढोल वाजतो, आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची गाणी जाणती माणसं तोंडपाठ गातात. ज्या समाजाकडे लिपी नव्हती, त्याचं दप्तर हेच. नातं कुठवर पसरलंय हे तिथं आलेल्या पाहुण्यांवरून कळतं, आणि ते पाहुणे राज्याची हद्द पाहून येत नाहीत.

भाषा, दैवतं आणि सोयरसंबंध हे तीनही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. म्हणून एवढं ठामपणे म्हणता येतं की या लोकांची पावलं उत्तर-पश्चिमेकडून, नर्मदा ओलांडून इकडे आली. ती एकाच वर्षी, एका पराभवानंतर, सगळी मिळून आली असं मानायचं कारण नाही. डोंगरातलं स्थलांतर पिढ्यान्‌पिढ्या चालतं. एक भाऊ नवीन जमीन पाहायला पुढं जातो, दोन पावसाळे पीक आलं की बाकीचे मागून येतात. पावरा वस्ती आजही गावठाणात दाटीने नसते. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात असतं आणि दोन घरांत हाकेचं अंतर असतं. अशी वस्ती सरकत सरकत शेकडो मैलांवर जाऊ शकते. १४८४ चा पाडाव हा त्या लांब प्रवासातला सर्वांच्या लक्षात राहिलेला प्रसंग ठरला आणि सगळा प्रवास त्या एका सालाशी बांधला गेला.

नाव कागदावर चढलं

जुन्या पिढीत माणसाला हाक मारायला आडनाव लागत नसे. बुध्या, सोम्या, मंगल्या, शुक्र्या अशी जन्मवारावरून पडलेली नावं, सोबत बापाचं नाव, आणि विचारलंच तर कुळ. कुळाला मोठं काम होतं, कारण एकाच कुळात लग्न होत नाही. सोयरीक जुळवायला बसलेली माणसं आजही आधी कुळाची विचारपूस करतात. खरते, दुडवे, मुजाल्दे, जमरे, सोळंकी, चौहान अशी ही कुळनावं.

मग शाळा आली, रेशनकार्ड आलं, मतदारयादी आली, जातीचा दाखला आला. प्रत्येक कागदाला तीन शब्दांचं नाव हवं होतं. तिसऱ्या शब्दाच्या जागी काय लिहायचं? महाराष्ट्राच्या बाजूला बहुतेकांच्या नावापुढे जमातीचं नाव लिहिलं गेलं : पावरा. हद्दीच्या पलीकडे मध्य प्रदेशात तीच माणसं बारेला झाली, किंवा थेट कुळाच्या नावाने खरते, दुडवे, जमरे म्हणून नोंदली गेली. इकडेही काही घरांनी कुळनावच आडनाव म्हणून लावलं. पराडके, पटले, खर्डे ही धडगाव-शहाद्याकडे दिसणारी आडनावं त्यातली. त्यामुळे दोन सख्ख्या चुलत घराण्यांची आडनावं हद्दीच्या दोन बाजूंना वेगळी असू शकतात आणि एकमेकांशी काही नातं नसलेल्या दोघांचं आडनाव एक असू शकतं.

जगात हे इतरत्रही झालं आहे. फिलिपिन्समध्ये १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरिया याने आडनावांची एक छापील यादी काढली आणि गावोगावच्या लोकांना त्यातून आडनावं घ्यायला लावली. काही गावांच्या वाट्याला यादीतलं एकच अक्षर आलं, आणि तिथली बहुतेक आडनावं अजूनही त्याच अक्षराने सुरू होतात. तुर्कस्तानने १९३४ मध्ये कायदा करून प्रत्येकाला आडनाव सक्तीचं केलं. लोक कर भरतात, सैन्यात जातात, शाळेत येतात, तेव्हा राज्यसंस्थेला त्यांची नोंद हवी असते. सातपुड्यात फर्मान निघालं नाही. इथं गुरुजी, तलाठी आणि ग्रामसेवक यांच्या लेखणीने ते काम हळूहळू केलं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली गावात दिला गेला. नावाची नोंद करण्याच्या भारतातल्या सर्वांत मोठ्या मोहिमेची सुरुवात नंदुरबारात झाली, ही गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यादीतल्या ओळी

२०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यामुळे अनुसूचित जमातींची यादी इथं घराघराशी संबंधित आहे. महाराष्ट्राच्या यादीत भिल्ल या नोंदीखाली पावरा, वसावा, वसावे येतात. वळवी आणि तडवी ही नावं धानका या नोंदीत आहेत. पाडवी हे नाव गामित, गावित, मावची यांच्या ओळीत आहे. प्रत्यक्षात वसावे, वळवी, पाडवी ही मुळात कुळांची नावं आहेत आणि अक्कलकुवा, तळोदा, धडगावात ती आडनावं एकाहून अधिक जमातींमध्ये सापडतात. आडनाव पाडवी आणि दाखल्यावर जमात भिल्ल, हे इथं अगदी नेहमीचं. तडवी तर आणखी वेगळं : नंदुरबारमधला तडवी आणि जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलचा मुसलमान तडवी भिल्ल यांचं आडनाव एक, इतिहास दोन.

म्हणूनच जात पडताळणीच्या वेळी नुसतं आडनाव पाहून भागत नाही. १९५० पूर्वीचे कागद तिथं मोलाचे ठरतात, कारण ६ सप्टेंबर १९५० रोजी अनुसूचित जमातींचा पहिला आदेश निघाला. आजोबांच्या शाळेचा दाखला, गावच्या जन्म-मृत्यूची कोतवाल बुकातली नोंद, जुना जमिनीचा उतारा, हे कागद कुटुंबाने सांभाळले असतील तर नातवाचं शिक्षण अडत नाही. डोंगरात ज्यांच्या दोन पिढ्यांमागे शाळाच नव्हती, त्यांनी हे कागद कुठून आणायचे, हा या व्यवस्थेतला न्यायाचा प्रश्न आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा.

शेजारच्या आडनावांनाही असेच आपापले प्रवास आहेत. वसावे आणि पाडवी ही नावं सातपुड्याच्या पश्चिम टोकाच्या मेवासी संस्थानांशी जोडलेली आहेत : चिखलीचे प्रमुख वसावा, काठीचे पाडवी. काठीची राजवाडी होळी आजही हजारो लोकांना डोंगरात खेचून आणते. यांचं कुलदैवत याहामोगी. तिचं ठाणं गुजरातमध्ये सागबाऱ्याजवळ देवमोगरा इथं असलं, तरी परंपरा तिचं मूळ अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या दाब या गावाशी जोडते. महाशिवरात्रीच्या यात्रेला दोन्ही राज्यांतली माणसं तिथं जातात. नवापूरकडचे कोकणी किंवा कोकणा आपल्या नावातच पश्चिमेचा किनारा घेऊन आलेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळात आपले पूर्वज उत्तर कोकणातून सह्याद्री चढून इकडे आले, अशी त्यांची परंपरा आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात एक आडनाव लढाईची आठवण ठेवतं, दुसरं दुष्काळाची, तिसरं सत्तेची.

पुन्हा एकदा उठलेली घरं

पावऱ्यांचं स्थलांतर पंधराव्या शतकात संपलेलं नाही. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं आली : २४ अक्राणी तालुक्यातली, ९ अक्कलकुव्यातली. नर्मदाकाठची पावरा, वसावे, पाडवी, तडवी घरं तळोदा-शहाद्याच्या सपाटीवरच्या पुनर्वसन वसाहतींत आली. डोंगरात ज्यांची घरं आपापल्या शेतात सुटी सुटी होती, ती इथं आखलेल्या रांगांत एकमेकांना खेटून उभी राहिली. काही कुटुंबं गुजरातमध्ये वसवली गेली. त्यातून एका कुळाचे भाऊ दोन राज्यांच्या रेशनकार्डांवर गेले. दर हिवाळ्यात दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या हे आणखी एक, दरसालचं स्थलांतर.

या नव्या प्रवासांची आठवण आडनावात उमटणार नाही, कारण आडनाव आता कागदावर पक्कं झालं आहे. पावागडची आठवण पाचशे वर्षं टिकली, ती नाव अजून घडत होतं म्हणून. बुडितातल्या मणिबेलीहून, डोमखेडीहून, भादलहून निघालेल्यांची हकीकत टिकवायची असेल तर ती आता मुद्दाम लिहूनच ठेवावी लागेल.

आपल्या आडनावाचा माग कसा काढावा

नंदुरबारचा धडा महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराला लागू आहे. आडनावाच्या अर्थापासून सुरुवात केली की माणूस लवकर चकतो, कारण एका शब्दाच्या चार व्युत्पत्ती सहज सुचतात. त्याऐवजी आधी कुळ, देवक किंवा कुलदैवत विचारा आणि त्याचं ठाणं नकाशावर शोधा. लग्नं कुठल्या गावांशी होत आली, याची तीन पिढ्यांची यादी करा. आजीच्या बोलीतले घरातले शब्द लिहून घ्या : भांडी, नाती, पिकं, शिव्या. मग आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर, कोतवाल बुक, जुने उतारे पाहा आणि आडनाव पहिल्यांदा कुठल्या कागदावर, कुठल्या रूपात आलं ते नोंदवा. या साऱ्या खुणा एका दिशेला गेल्या तर घरातली दंतकथा खरी वाट सांगते. त्या फाकल्या, तर त्या कुटुंबाच्या दोन वाटा कुठंतरी मिसळल्या आहेत, आणि ते शोधणं जास्त मोलाचं.

पावरा मुलांसाठी हे काम तातडीचं आहे. दाखल्यावर ‘पावरा’ एवढंच राहिलं आणि घरात कुळ सांगणारं कुणी उरलं नाही, तर सोयरीक, नातं आणि नर्मदेपलीकडचे सगे या तिन्हींची किल्ली हरवेल. इंदलच्या रात्री गाणारे म्हातारे आज आहेत आणि त्यांच्या नातवंडांच्या हातात लिहिता-वाचता येण्याचं बळ आहे. हे दोन्ही एकाच घरात एकाच वेळी असण्याचा काळ थोडा असतो. धडगाव, शहादा, तळोद्याच्या शाळांनी प्रत्येक मुलाला आपलं कुळ, आजोबांचं गाव आणि नदीपलीकडचे नातेवाईक यांची एक वही भरायला लावली, तर पावागडापासून अक्राणीपर्यंतच्या त्या प्रवासाला पहिल्यांदाच त्या लोकांनी स्वतः लिहिलेलं दप्तर मिळेल.